‘सॅलरी’ म्हणजे मिठाचा पगार? ही गोष्ट मला पटत नाही

शब्दवेध (धागाकर्ता) :
रोमन सैनिकांना पगाराऐवजी मीठ मिळे आणि त्यावरून ‘सॅलरी’ हा शब्द आला, असे माझ्या मुलीला वर्गात शिकवले गेले. शब्दाचे मूळ मिठातच आहे, याबद्दल वाद नाही. लॅटिनमध्ये ‘साल’ म्हणजे मीठ, आणि त्यावरून ‘सालारिउम’ झाला. पण व्युत्पत्ती खरी ठरली म्हणून तिच्याभोवती रचलेली कथाही खरी ठरत नाही. सैनिकाच्या वेतनाला रोमन लोक ‘स्टिपेन्डिउम’ म्हणत. सम्राट ऑगस्टसच्या काळात साध्या सैनिकाला वर्षाला २२५ दिनारियस (चांदीची रोमन नाणी) तीन हप्त्यांत मिळत. पगार म्हणून मीठ मोजून दिल्याचे एकाही प्राचीन लेखकाने लिहिलेले नाही.

सायंतारा :
आपण रोमन लेखक प्लिनीला विसरलात. पहिल्या शतकातल्या आपल्या निसर्गविषयक ग्रंथाच्या ३१व्या खंडात त्याने मिठाची थोरवी सांगताना सन्मान आणि सैनिकी सेवा यांच्याशी मिठाचा संबंध जोडला आहे आणि ‘सालारिया’ (‘सालारिउम’चे अनेकवचन) हे नाव त्यावरूनच पडले, असे स्पष्ट म्हटले आहे. रोमच्या आंकुस मार्किउस राजाने प्रजेला मीठ वाटल्याची नोंदही तिथेच आहे. लुईस आणि शॉर्ट यांचा १८७९चा लॅटिन कोशही सैनिकांना मिठासाठी दिलेले पैसे हाच मूळ अर्थ देतो. एवढे असताना ही निव्वळ दंतकथा कशी म्हणावी?

शब्दवेध :
प्लिनीचे तेच वाक्य पुन्हा सावकाश वाचावे, ही विनंती. संबंध आहे एवढेच तो सांगतो. पगार मिठात दिला की मिठासाठी, याविषयी तो अक्षरही लिहीत नाही. कोशातला अर्थ हे कोशकारांचे अनुमान आहे. शिवाय सम्राट नेरोने निर्धन झालेल्या कुलीन सिनेटरांना वार्षिक ‘सालारिया’ बांधून दिला, काहींना तर पाच लाख सेस्टर्स (रोमन नाणी), असे रोमन चरित्रकार स्युटोनियस सांगतो. एवढ्या रकमेत मिठाचा मागमूसही उरलेला नाही.

मांडवीकाठ :
आपला ‘पगार’ही लॅटिनचाच वंशज आहे, हे या चर्चेत यायला हवे. पोर्तुगीज ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे. त्याचे मूळ लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे, आणि त्याच्याही मागे शांततावाचक ‘पाक्स’. धनकोचे देणे फेडून त्याला शांत करायचे, असा तो अर्थ सरकत आला. इंग्रजी ‘पे’ फ्रेंचमार्गे त्याच घरातून निघाला. मात्र म्हणून पोर्तुगीज मालक दर महिन्याला कोणाशी तह करीत होते, असे आपण म्हणत नाही. मिठाच्या बाबतीत तेवढा संयम सुटतो, कारण ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ आपल्या कानात आधीच बसलेले असते.

सायंतारा :
पाच लाखांचा दाखला मला मान्य आहे, पण तो नेरोच्या काळातला आहे. शब्द रुळून गेल्यावर त्याचा पहिला अर्थ पुसला जातोच. सैनिकाला मिठासाठी निराळा भत्ता असावा, ही शक्यता मी अजून सोडलेली नाही. मुलांना मात्र ती ‘शक्यता’ म्हणूनच सांगावी, इथवर मी आपल्याबरोबर आहे.