तुम्ही हवामानाच्या, पर्यावरणाच्या कामात कसे आलात? (अनुभव धागा)

माझी पुतणी अकरावीला आहे. परवा म्हणाली, काका मला क्लायमेटचं काम करायचंय, सुरुवात कुठून करू? ग्रेटा थनबर्ग 2018 ला वयाच्या 15 व्या वर्षी स्वीडनच्या संसदेबाहेर पाटी घेऊन एकटी बसली हे तिला पाठ आहे, पण आपल्याकडची पोरं यात कशी आली, घरचे काय म्हणाले, ते तिला ऐकायचंय. मला काही सांगता येईना. ज्यांनी केलंय त्यांनी लिहा प्लीज, दोन ओळी असल्या तरी चालतील.

*

मी लातूरचा. 2016 ला आठवीत होतो. पाण्याच्या टाक्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावलेली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. सगळे ती रेल्वे बघायला गेले, मी घागरी घेऊन टँकरच्या रांगेत होतो. आजी म्हणायची, 72 च्या दुष्काळात धान्य नव्हतं पण आडाला पाणी होतं. ते डोक्यातून जाईना. मग पाणी गेलं कुठं हे शोधायला लागलो तर बोअर, ऊस, लांबणारा पाऊस सगळं एकमेकात गुंतलेलं निघालं. आता दर महिन्याला गावातल्या अकरा विहिरींची पातळी दोरी सोडून मोजतो आणि पारावरच्या फळ्यावर लिहितो. मोर्चा वगैरे कधी काढला नाही, पण ऊस लावायच्या आधी दोघं-तिघं आकडा विचारायला येतात आता.

*

माझं मुंबईतल्या आरेच्या जंगलापासून. 4 ऑक्टोबर 2019, शुक्रवार, हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायला सुरुवात झाली, मी एसवायला होते, व्हॉट्सॲपवर मेसेज आला आणि घरी न सांगता गोरेगावला गेले. आत सोडत नव्हते. अंधारात काही दिसत नव्हतं, फक्त करवतीच्या मशीनचा आवाज आणि मध्येच झाड पडल्याचा, तो आवाज अजून तसाच्या तसा आठवतो. 29 जणांना अटक झाली, त्यात विद्यार्थी पण होते. लॉच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, सोमवारी सुप्रीम कोर्टाने तोड थांबवली, पण तोवर 2,100 च्या वर झाडं गेली होती. घरी आईने चार दिवस अबोला धरला. पोलीस केस झाली असती तर पुढे नोकरीचं काय, ही तिची भीती, आणि ती चुकीची नव्हती.

त्यानंतर मी शिकले ते हे की रात्री पळत जाण्याआधी खूप काही करता येतं. झाडतोडीची नोटीस आधी निघते, हरकत घ्यायला मोजके दिवस असतात, ती पेपरात कोपऱ्यात असते. आम्ही पाच जणी त्या नोटिसा वाचतो, जागेवर जाऊन झाडं मोजतो, लेखी हरकत देतो. आता आईच पेपर वाचताना कात्रण कापून ठेवते.

*

गोव्यातून. मोलेचं जंगल, 2020. लॉकडाऊनमध्ये रेल्वे दुपदरीकरण, हायवे आणि वीजवाहिनी असे तीन प्रकल्प तिथून न्यायचं चाललेलं. नोव्हेंबरात चांदरला लोक रात्रभर रुळांवर बसले, मेणबत्त्या, गाणी. मी बाबांबरोबर गेलो होतो, माझं ते पहिलंच. मे 2022 ला सुप्रीम कोर्टाने दुपदरीकरणाची परवानगी रद्द केली तेव्हा बाबांनी मला झोपेतून उठवून सांगितलं.

*

सांगली. 2019 चा पूर. आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर. आमचं तळघरातलं दुकान गेलं. त्याआधी मला हा विषय शाळेच्या पुस्तकातला वाटायचा, एवढंच.

*

सगळ्यांचे आभार, पुतणीने दोनदा वाचलं. लातूरकर दादा, ती विचारतेय दोरीला खुणा कशा करता?

*

दर फुटाला गाठ मार ताई, पाच फुटांवर रंगीत चिंधी, खाली वजन बांध. सकाळी मोटार चालू व्हायच्या आत मोजायचं. आणि एकटी जाऊ नको, बऱ्याच विहिरींना कठडा नसतो.