आभासी जगात मुलाला किती मोकळीक द्यावी?

प्रश्न (जळगाव):
नमस्कार. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा ११ वर्षांच्या मुलाला दुपारी बाहेर सोडता येत नाही आणि तो संगणकावरच्या आभासी जगांत रमतो. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी बांधकाम करायच्या खेळात त्याने आमच्या मळ्यातली विहीर, गोठा आणि केळीची बाग उभारली, आणि ती पाहून माझे वडीलच खुर्ची ओढून गोठ्याचे दार कोणत्या बाजूला हवे ते सांगू लागले. दुसऱ्या एका जगात मात्र त्याने माझ्या मोबाइलवरून न विचारता पात्रासाठी कपडे विकत घेतले. हे सगळे बंद करावे, की काही ठेवावे?

उत्तर १ (भुसावळ, तंत्रनिकेतनातील अध्यापक):
दोन्हींना एकाच मापाने मोजू नका. माइनक्राफ्टमधील ठोकळा एक मीटर बाजूचा मानला जातो, त्यामुळे क्षेत्रफळ आणि घनफळ मुलाला हाताने मोजल्यासारखे कळते. त्यातील रेडस्टोनची (खेळात वीजतारेसारखे काम करणाऱ्या भुकटीची) जोडणी तर आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो त्या, हो किंवा नाही ठरवणाऱ्या तार्किक परिपथांसारखीच चालते. दुसऱ्या प्रकारात किंमत रुपयांत न दिसता त्या जगाच्या नाण्यांत दिसते, आणि खर्च झाला हे मुलाला उमगतच नाही. २००३ मध्ये सुरू झालेल्या सेकंड लाइफ या आभासी जगात लोकांनी आभासी घरे आणि कपडे विकून खरे डॉलर कमावले, हे खरे. पण ते जाणत्या माणसांचे व्यवहार होते. मोबाइलवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा, म्हणजे अर्धे भांडण मिटेल.

उत्तर २ (धुळे, शिक्षिका):
पैशापेक्षा मला अनोळखी माणसांची काळजी अधिक वाटते. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाच्या २०२३च्या कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती घेण्याची तरतूद आहे, परंतु मुलाने जन्मवर्षच खोटे टाकले तर ती संमती विचारणार कोणाला? खाते तुम्ही स्वतः उघडा आणि खऱ्या वयाने उघडा. तरीही सरसकट बंदी मला मान्य नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा बोलताना अडखळतो, म्हणून चारचौघांत गप्प बसतो. तोच मुलगा मित्रांसोबत आभासी किल्ला बांधताना लिहून सूचना देतो आणि सगळे त्याचे ऐकतात.

उत्तर ३ (अमळनेर):
एक मुद्दा राहून गेला. दुसऱ्याच्या सर्व्हरवर असलेले जग आपले नसते. २००५ मध्ये सुरू झालेले क्लब पेंग्विन हे मुलांचे लाडके जग मार्च २०१७ मध्ये बंद झाले, आणि त्यात मुलांनी वर्षानुवर्षे सजवलेली बर्फाची घरेही गेली. माइनक्राफ्टचे जग स्वतःच्या संगणकावर, इंटरनेटशिवायही ठेवता येते. त्या मळ्याची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. आणि (आगाऊपणा वाटल्यास क्षमस्व) मुलाला टेप देऊन एकदा खऱ्या गोठ्याची मापे घ्यायला न्या. अध्यापक महोदयांनी सांगितलेले घनफळ तिथेही मिळेल.

प्रश्नकर्ता (जळगाव):
सर्वांचे आभार. पासवर्ड लावला, त्या दुसऱ्या जगातले खाते बंद केले आणि मळ्याची प्रत काढली. रविवारी पहाटे, ऊन चढायच्या आत, आजोबा आणि नातू टेप घेऊन जाणार आहेत. ठोकळ्यांत विहीर चौकोनी झाली आहे, हे मात्र वडिलांना अजून पटलेले नाही.