नाळेतलं रक्त साठवायचं का? रविवारपर्यंत ठरवायचंय

मंडळी, घोडबंदर रोडला राहतो. बायकोला ३५वा आठवडा सुरू आहे, पहिलंच बाळ. आमचा नंबर कुठून मिळाला देव जाणे, पण एका खासगी पेढीचा माणूस दोनदा घरी येऊन गेला. बाळाच्या नाळेतलं रक्त (त्यात रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल असतात) ७५ वर्षं गोठवून ठेवायचं, हप्त्यांची सोय आहे, रविवारपर्यंत सवलत.

आई म्हणते, "आपल्यात नाळ पुरतात, तुम्ही फ्रीजात ठेवणार?" बाबांना वेगळीच काळजी, लाइट गेली तर? (पिशव्या द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत असतात, उणे १९६ अंशांना. तिथे विजेपेक्षा नायट्रोजन वेळेवर भरणं महत्त्वाचं. बाबांचं समाधान झालेलं नाही.)

हे थोतांड नाही, एवढं वाचून कळलं. १९८८ साली पॅरिसला फॅन्कोनी ॲनिमिया (रक्ताचा एक जनुकीय आजार) असलेल्या मुलाला नुकत्याच जन्मलेल्या बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं आणि ते लागू पडलं. साडेतेवीस वर्षं गोठवलेल्या पेशीही चांगल्या निघाल्यात. ७५ वर्षांचं मात्र कोणी बघितलंय?

माझं अडतंय ते वेगळ्याच ठिकाणी. त्या मुलाला रक्त बहिणीचं दिलं, स्वतःचं नाही. थॅलेसेमियासारखा जनुकीय आजार निघाला तर बाळाच्या साठवलेल्या पेशींतही तोच दोष असणार. मग स्वतःसाठी ठेवून काय करायचं? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७च्या मार्गदर्शक सूचनाही अशा खासगी साठवणीची शिफारस करत नाहीत. घरात आधीच आजारी भावंड असेल तर गोष्ट वेगळी, आमच्याकडे तसं नाही. हे विचारलं तर तो माणूस म्हणाला, "सर, पुढे विज्ञान कुठे जाईल!" आणि फॉर्म पुढे सरकवला.

आणखी एक. आमच्या डॉक्टर बाळ जन्मल्यावर निदान मिनिटभर थांबून मगच नाळ कापतात, बाळाला लोह मिळतं म्हणून. पण थांबलं की पिशवीत रक्त कमी येतं. तुमच्या वेळी हे कसं जमवलं? पिशवीतल्या पेशींचा आकडा लेखी दिला का?

ज्यांनी पैसे भरलेत, त्यांच्यापैकी कोणाला साठवलेलं रक्त खरंच वापरावं लागलं का? खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं कर्करोग केंद्र) कोणाच्या मुलाचं अशा पेशींचं प्रत्यारोपण झालं असेल, तर दाता कोण होता तेही सांगा, भावंड की बाहेरचं कोणी? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.