अनुभव धागा : अमेरिकन विनोद तुम्हाला पहिल्यांदा कधी लागला?

उंबरठा (एडिसन, न्यू जर्सी)

२००३ साली लग्न होऊन मी इथे आले. एच-फोर व्हिसा, नवऱ्याच्या नोकरीवर मिळणारा, म्हणजे तेव्हा मला नोकरी करायची परवानगी नाही. नवरा साडेसातला बाहेर पडला की दिवसभर मी आणि टीव्ही. 'साइनफेल्ड' ही विनोदी मालिका १९९८ मध्येच संपली होती, पण जुने भाग रोज लागायचे. इंग्रजी मला चांगलं येत होतं. शब्द सगळे कळायचे, पण लोक कशाला हसतायत ते कळायचं नाही. फार एकटं वाटायचं त्या हसण्यात.

मग एक दिवस तो भाग लागला. कुणीतरी गेलंय, घरी माणसं जमलीयत, आणि त्यातला जॉर्ज एक चिप सॉसमध्ये बुडवतो, अर्धी खातो आणि उरलेली परत त्याच वाडग्यात बुडवतो. शेजारचा माणूस त्याला पकडतो आणि तिथेच दोघांची जुंपते. मी कुकर बंद करायला उठले होते. तशीच उभी राहिले आणि पोट धरून हसले. अहो, हे तर उष्टं! चव घेतलेला चमचा परत आमटीत घातला म्हणून आजीने माझ्या हातावर चापट मारली होती, तेव्हा मी सहा वर्षांची असेन. आपल्याकडे एका शब्दात संपणारी गोष्ट, आणि इथे त्यावर मारामारी. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की ही माणसं मला कळू शकतील.

म्हणून हा धागा. वंश, घरची माणसं, रीतभात, दुकान, रस्ता, ऑफिस, कशावरचाही असो, एखादा अमेरिकन विनोद तुम्हाला कधी आणि कसा लागला? हसवून लागलेला सांगा, बोचून लागलेलाही सांगा. नुसती 'हे बघा' म्हणून क्लिप नको. तुमच्या घरात, गाडीत काय झालं ते लिहा.

कृष्णाकाठ (शिकागो, मूळ सांगली)

एडी मर्फीचा बर्गर! या कॉमेडियनच्या १९८७ च्या 'रॉ' या स्टँड-अप चित्रपटात आहे. पोराला मॅकडोनाल्डचा बर्गर हवा असतो. आई म्हणते, त्याहून चांगला मी घरी करते. मग कांदा आणि हिरव्या ढबू मिरचीचे मोठे तुकडे घातलेला लठ्ठ गोळा, खाली गोल बन नाहीच, साधा चौकोनी स्लाइस ब्रेड, आणि त्यातून झिरपणारं तेल. बाहेर बाकीची पोरं खरा बर्गर घेऊन उभी.

माझ्या आईने सांगलीत लादीपावात बिटाचा कटलेट घालून 'बर्गर' केला होता. वर काकडीची चकती, आणि सॉस नव्हता म्हणून चिंचेची चटणी. पाव गुलाबी झाला होता. मी तो शाळेत डब्याच्या झाकणाआड लपवून खाल्ला. तीस वर्षांनी पिओरियाला जाताना गाडीत हा विनोद ऐकला आणि गाडी बाजूला घ्यावी लागली. हसलो आणि रडलोही. एका काळ्या अमेरिकन आईने आणि माझ्या आईने सारखंच केलं होतं. पोराची हौस होती, पैसे नव्हते, आणि 'नाही' म्हणायचं नव्हतं.

शिव्या फार असल्याने आईला ऐकवता येईना, म्हणून फोनवर सगळं मराठीत सांगितलं. तिने लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "कांदा परतून घातला होता का कच्चाच?"

दगडफूल (ह्यूस्टन)

माझा अनुभव हसण्याचा नाही.

२०१६, पीएचडीचं दुसरं वर्ष. लॅबमधला माझा मित्र गाडी चालवत होता. तो काळा, मी शेजारी. मागून पोलिसांचे दिवे लागले. मित्राने गाडी कडेला घेतली, आतला दिवा लावला, काच पूर्ण खाली केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर बोटं पसरून ठेवले. मलाही म्हणाला, हात डॅशबोर्डवर ठेव. अधिकारी आल्यावर तो प्रत्येक हालचाल आधी सांगत होता. आता उजवा हात खिशाकडे नेतोय. आता पाकीट काढतोय. आवाज शांत, पण मानेवरून घाम ओघळत होता. मागचा एक दिवा बंद होता, एवढंच कारण निघालं. पाच मिनिटांत सुटलो.

घरी आल्यावर त्याने रिचर्ड प्रायर या काळ्या कॉमेडियनची १९७४ ची ध्वनिमुद्रिका लावली. त्यात हेच आहे! लायसन्ससाठी खिशात हात घालतोय हे मोठ्याने, सावकाश सांगणारा काळा माणूस. लोक अक्षरशः कोसळून हसतायत. मित्र म्हणाला, "नीट ऐक. काही जण हसतायत कारण त्यांना हे नवीन आहे. काही जण हसतायत कारण ते कालच झालंय." बेचाळीस वर्षं झाली होती त्या विनोदाला. मी तोवर प्रायरला फक्त शिवराळ म्हणून ओळखत होतो.

कृष्णाकाठ

प्रायर त्याच पिओरियाचा, जिथे मी कामासाठी जातो. आजीच्या कुंटणखान्यात वाढलेला मुलगा. काळ्या लोकांसाठीचा तो घाणेरडा शब्द त्याच्या तोंडी सतत असायचा, पण १९७९ मध्ये केनियाला जाऊन आला आणि त्याने तो शब्द सोडला. १९९८ मध्ये अमेरिकन विनोदासाठीचं पहिलं मार्क ट्वेन पारितोषिक त्यालाच मिळालं. दगडफूल, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

पाचवी_रांग (क्वीन्स, न्यूयॉर्क)

बाबा साताऱ्याहून आले होते, निवृत्त शिक्षक, वय ६८. त्यांना मॅनहॅटनमधल्या एका तळघरातल्या कॉमेडी क्लबात नेलं. मागे विटांची भिंत, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी दाटी, आणि तिकिटाशिवाय माणशी दोन पेयं घ्यावीच लागतात. बाबांनी दोनदा जिंजर एल घेतलं. जागा नेमकी पुढची मिळाली. पुढे बसणाऱ्यांशी कॉमेडियन गप्पा मारून त्यातून विनोद काढतात, त्याला 'क्राउड वर्क' म्हणतात, आणि मी मनातून घाबरले होते.

स्टेजवरच्या कॉमेडियन मुलीने बाबांनाच धरलं. लग्नाला किती वर्षं? "फॉर्टी वन." लग्नाआधी किती दिवसांची ओळख? बाबा उभे राहिले, वर्गात उभे राहायचे तसे, आणि म्हणाले, "ट्वेंटी मिनिट्स. शी सर्व्हड पोहे." हशा झाला. मग बाबा थांबून म्हणाले, की ती चार वर्षांपूर्वी गेली, आणि ती वीस मिनिटं मला अजून पाठ आहेत. खोली एकदम गप्प. कॉमेडियनने माइक खाली धरला, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि टाळ्या थांबेपर्यंत पुढचा विनोद सुरू केला नाही. आईबद्दल बाबा आमच्याशी असं कधीच बोलले नव्हते.

खडीसाखर (सिनसिनाटी)

'द सिम्प्सन्स' या कार्टून मालिकेतला अपू. १९९० मध्ये तो भारतीय दुकानदार त्या मालिकेत आला, आणि त्याचा आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाचा होता. आम्ही घरी सगळे मिळून बघायचो. टीव्हीवर आपला एक माणूस आहे याचंच मला कौतुक होतं.

२०१७ मध्ये हरी कोंडाबोलू या क्वीन्सच्या कॉमेडियनने अपूवर माहितीपट केला. थँक्सगिव्हिंगला घरी आलेल्या मुलाने, तेव्हा तो २६ चा, तो आमच्यापुढे लावला. मध्येच म्हणाला, "आई, सहावी ते आठवी मला अपूच म्हणायचे." डब्याचं झाकण उघडलं की चार मुलं तो आवाज काढायची. मग यानेच आधी काढायला सुरुवात केली, म्हणजे दुसऱ्यांना मिळायला नको. सगळे त्याला विनोदी मुलगा समजायचे. शिक्षकांनी प्रगतिपुस्तकावर 'सेन्स ऑफ ह्यूमर उत्तम' असं लिहिलं होतं. ते मी फ्रिजवर चिकटवलं होतं.

त्या वर्षांत तो मला पालकसभेला येऊ नको म्हणायचा. मला वाटायचं, वयच तसं आहे. माझे उच्चार ऐकू यायला नको होते त्याला. २०२० मध्ये अझारियाने तो आवाज द्यायचं सोडलं, तेव्हा मुलाने बातमी पाठवली, सोबत एकही शब्द नाही. मी फोन केला. आम्ही बराच वेळ बोललो, स्वयंपाकाबद्दलच.

वेशीबाहेर (अटलांटा)

डिक ग्रेगरी. काळा कॉमेडियन. १९६१ मध्ये शिकागोच्या प्लेबॉय क्लबात गोऱ्या प्रेक्षकांसमोर वंशभेदावरच बोलून तो गाजला. मग टीव्हीवरच्या जॅक पारच्या 'टुनाइट शो' या गप्पांच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं आणि त्याने नाही म्हटलं. काळे कलाकार तिथे येऊन कला सादर करून जायचे, पण नंतर पारशेजारच्या सोफ्यावर गप्पांना त्यांना कुणी बसवत नसे. पारने स्वतः फोन केल्यावर ग्रेगरीने अट घातली, सोफ्यावर बसवणार असाल तर येतो. बसवलं.

माझे आजोबा मराठवाड्यात हलगी वाजवायचे. लग्नात त्यांच्याशिवाय वरात निघायची नाही, आणि जेवायला मात्र गोठ्यापाशी. चहाची कपबशी वेगळी, वळचणीला खोचलेली, पिऊन झाल्यावर स्वतः धुऊन ठेवायची. कला हवी होती, माणूस नको होता. सोफ्याची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती कपबशी दिसली, कडेला टवका उडालेली. १९७२ मध्ये मुंबईत आपल्या पोरांनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून दलित पँथर हे नाव घेतलं, ते का घेतलं हे मला पुस्तकांपेक्षा ग्रेगरीने जास्त समजावलं.

उंबरठा

वेशीबाहेर, हे लिहिलंत, मनापासून आभार.

डिंकाचा_लाडू (सिएटल)

थोडक्यात लिहिते, बाळ उठेल. अली वाँग ही कॉमेडियन. २०१५ मध्ये सात महिन्यांचं पोट घेऊन ती आमच्याच शहरात उभी राहिली, आणि पुढच्या कार्यक्रमात बाळंतपणाच्या रजेवर कडाडली. देशाच्या १९९३ च्या कायद्याने १२ आठवडे रजा मिळते, तीही बिनपगारी आणि सगळ्यांना नाही. मी सातव्या आठवड्यात कामावर गेले. स्टोअररूममध्ये दूध काढताना कानात तिचा आवाज असायचा. आईचे लाडू आणि ती, दोघींनी मला उभं ठेवलं.

शेवगा (रॉली)

माझ्या चुकीचं लिहितो. डेव्ह शॅपेल या काळ्या कॉमेडियनचे वंशावरचे विनोद आमच्या टीमला पाठ होते. एका दुपारी जेवताना एका गोऱ्या सहकाऱ्याने त्यातला एक जसाच्या तसा, आवाजासकट करून दाखवला. टेबलावर एकच काळी बाई होती. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. तिने डबा बंद केला, पाण्याची बाटली घेतली आणि गेली. कुणीच काही बोललं नाही.

नंतर कळलं की शॅपेल स्वतः याच हसण्यापायी उठून गेला होता. २००५ मध्ये, पाच कोटी डॉलरचा करार समोर असताना, आपल्या टीव्ही शोचं तिसरं पर्व अर्धवट टाकून तो दक्षिण आफ्रिकेला निघून गेला. पुढच्या वर्षी ओप्राच्या टीव्ही कार्यक्रमात त्याने सांगितलं, की चित्रीकरणात एक गोरा माणूस ज्या तऱ्हेने हसला, ते त्याला खुपलं. क्रिस रॉक या काळ्या कॉमेडियननेही काळ्या लोकांवरचाच आपला १९९६ चा सर्वांत गाजलेला तुकडा सोडला, कारण वर्णद्वेष्टे लोक तो परवाना म्हणून वापरू लागले. दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तू का हसलास, हे तुला माहीत आहे का?" मला तेव्हा सांगता आलं नाही. लोकांत मिसळायचं होतं, म्हणून हसलो होतो.

तळ्यात_मळ्यात (कोलंबस, ओहायो)

लेक २१ ची आहे, ओपन माइकला जाते, म्हणजे नवख्यांनाही मंच मिळतो तिथे. पाच मिनिटं मिळतात, एक मिनिट उरलं की मागून दिवा लुकलुकतो. भांडी वाळवायला वापरलेलं डिशवॉशर, दह्याच्या डब्यात निघणारी कोथिंबीर, हे सगळं ती सांगते आणि आम्ही मागे बसून हसतो.

मार्चमध्ये तिने विचारलं, "बाबांचं लायब्ररीचं सांगू?" २००९ मध्ये ह्यांची नोकरी गेली. ती सहा वर्षांची होती, तिला कळू द्यायचं नव्हतं. हे रोज इस्त्रीचा शर्ट घालून डबा घेऊन निघायचे आणि सार्वजनिक वाचनालयात बसून अर्ज भरायचे. तिने एकदा शाळेच्या सहलीत त्यांना तिथे पाहिलं, आणि वर्षभर सगळ्यांना अभिमानाने सांगत होती, माझे बाबा लायब्ररी चालवतात. मी म्हटलं, हे नको. घरातलं घरात राहू दे. तिने निमूटपणे काढून टाकलं.

गेल्या आठवड्यात जेवताना तिनेच ह्यांच्यासमोर विषय काढला. ह्यांनी घास खाली ठेवला. मला वाटलं, उठतील आता. तिच्याकडे बघत म्हणाले, "अगं, रोज तुझ्यासाठी पुस्तक आणायचो, ते घेतलंयस का त्यात?"

गुरुवारी तिला सात मिनिटं मिळाली आहेत.