‘पॅनेल’साठी पैलू, तावदान की फलक?

प्रश्न (फोंडा) : एका सभामंडपाच्या वक्र छताचे मॉडेल मी सध्या ग्रासहॉपर या संगणकावर आकार रचण्याच्या साधनात करून पाहत आहे आणि त्याचे टिपण मराठीत द्यायचे आहे. वक्र पृष्ठभागाचे जे तुकडे पाडतात, त्यांना ‘फलक’ लिहिले तर वाचणाऱ्यांना दुकानावरची पाटी आठवली. ‘तावदान’ चालेल का?

उत्तर (म्हापसा) : तावदान हा शब्द आपल्याकडे डोळ्यांनी पाहिलेला आहे. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्याचे पातळ, चौकोनी कापलेले तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवलेले असतात आणि त्यांतून दुधाळ उजेड आत झिरपतो. पण उजेड हाच त्या शब्दाचा प्राण असल्यामुळे, लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या चौकावर २००० साली उभारलेल्या छतातील ३,३१२ काचांना, ज्यांतल्या कोणत्याही दोन सारख्या नाहीत, तो शोभतो. पत्र्याच्या किंवा लाकडाच्या तुकड्याला शोभत नाही.

मी ‘पैलू’ सुचवतो. हिऱ्याचा पैलू सपाट असतो आणि त्याच्या कडा स्पष्ट असतात. मॉडेलमध्ये आपल्याला नेमके तेच हवे असते, परंतु ते सहज मिळत नाही, कारण तीन बिंदू नेहमी एका प्रतलात येतात आणि चौथा येईलच असे नाही. आकाशकंदील करताना हे हाताला कळते. कामट्यांच्या चौकोनी चौकटीचा एकच कोपरा किंचित वर राहिला, तरी वर ताणून चिकटवलेल्या कागदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी सुरकुती उमटते आणि त्या चौकोनाचे जणू दोन त्रिकोण होतात. त्रिकोणी चौकटीवर मात्र कागद निमूट बसतो. अशा पिळलेल्या चौकोनाला पैलू म्हणणे चूक ठरेल, हे आवर्जून सांगतो.

प्रश्नकर्ता : मग सिडनीच्या ऑपेरा हाउसचे काय? त्याची शिंपल्यांसारखी छते सुमारे ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलातून कापून घेतलेली आहेत, म्हणून तर तेच साचे पुन्हा पुन्हा वापरता आले. तिथले तुकडे सपाट नाहीत.

उत्तर (म्हापसा) : रास्त शंका. तिथे दहा लाखांहून अधिक लाद्या आधी खाली साच्यात मांडून, त्यांवर काँक्रीट ओतून मोठे तुकडे केले आणि ते वर चढवले. त्या वस्तूला वजन आहे, जाडी आहे, दोन तुकड्यांमध्ये फटही आहे. तिला ‘पॅनेल’च म्हणावे; हा शब्द सुतारापासून कंत्राटदारापर्यंत सर्वांच्या तोंडी आहे आणि तो हुसकून लावण्याचे कारण मला दिसत नाही. पैलू ही भूमिती, पॅनेल ही वस्तू, असा भेद ठेवला तर दोन्ही शब्द कामाचे राहतील.

प्रश्नकर्ता : पटले. वाक्य आता असे लिहितो : ‘छताचे त्रिकोणी पैलू पाडले असून, सांध्यातील फट वजा करून प्रत्येक पैलूवरून एक पॅनेल कापावे.’