नांगरलेल्या रानात टिटवीची अंडी, पाळी कशी घालावी?

शिवारकर_परभणी
राम राम मंडळी. रान उन्हाळ्यात नांगरून टाकलंय, आता मिरगाच्या आधी ढेकळं फोडायला वखराची पाळी घालायचीय, म्हणजे रानातून वखर फिरवायचाय. काल ढेकळं बघत चाललो होतो तर टिटवी डोक्यावरून झेपा घ्यायला लागली. बघतो तर दोन ढेकळांच्या मधी चार अंडी. मातकट रंग, त्याच्यावर काळे डाग. खाली गवत-काडी काही नाही, नुसते खडे आणि शेळीच्या लेंड्या. ट्रॅक्टरवाला परवा येतो म्हणायलाय. वडील म्हणतात, उचलून धुऱ्यावर (बांधावर) ठेव, ती जाती तिकडं. ठेवू का? पिल्लं किती दिवसांत निघतात? सोयाबीन पेरायचंय, लई लांबवता येणार नाही.

मोंढा_नाका
चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस! पेरा बिनधास्त. उंचवट्यावर घातलीत का खोलगटात, तेवढं सांगा फक्त.

धुऱ्यावरची_बाभूळ (अंबाजोगाई)
शिवारकर भाऊ, अंडी हलवू नका. टिटवी जागा ओळखून बसते. धुऱ्यावर नेऊन ठेवलीत तर ती रिकाम्या जागेभोवतीच फिरत राहील आणि तिकडं अंडी कावळा नेईल. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्याची अंडी उचलणं, फोडणं हे शिकारीतच धरलंय.

त्यापेक्षा तेवढं रान सोडा. चारी बाजूंनी चार-पाच हात पुरे. एक मात्र सांगते, लोक हौसेनं अंड्यांजवळच काठी रोवतात आणि वर फडकं बांधतात. कावळ्याला तेच पाहिजे, बसायला जागा आणि खाली वाढलेलं ताट. आम्ही खूण लांब करतो. तासाच्या (वखराच्या ओळीच्या) रेषेत दहा पावलं अलीकडं दगडांची एक बुटकी ढेरी, दहा पावलं पलीकडं दुसरी, वर चुना. पहिल्या ढेरीला ड्रायव्हरनं वखर उचलायचा, दुसरीला टाकायचा. सोडलेली पट्टी नंतर हातानं खुरपून होते.

नर-मादी दोघं आळीपाळीनं उबवतात, साधारण 28 ते 30 दिवस. तुमची अंडी किती दिवसांची झाली ते बघून कळायचं नाही, म्हणून पाळीच्या दिवशी पट्टी सोडाच.

दुपारी मात्र तिकडं फिरकू नका. आपल्याकडच्या उन्हात ती अंडी उबवत नसते, सावली धरून बसलेली असते. आमच्या हौदाजवळ पाइप गळतो, तिथं टिटवी येते. पाय मुडपून पाण्यात बसते, उठते, इकडंतिकडं बघते, परत बसते. पोटाची पिसं चिंब झाली की तशीच थेंब गाळत जाते आणि अंड्यांवर बसते. तुम्ही शेजारी उभं राहून फोटो काढत बसलात की ती उठणार, अंडी उघडी पडणार, मग किती वेळ टिकतील? बघायचंच असेल तर सकाळी, लांबून.

आणि मोंढेवाले दादा, टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते. 2015 ला पाऊस गेला, पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात टिटव्यांनी काय कमी घातली होती?

गोदाकाठ
बाभूळताईंना दुजोरा. डोळ्यापुढं लाल मांसल भाग आणि लाल चोच असेल तर आपली नेहमीची टिटवी, तिला पाणी जवळ लागतं. काळी टोपी आणि चोचीपासून लोंबणारा पिवळा पदर असेल तर माळटिटवी, ती कोरड्या माळावर जास्त. दोघींसाठी उपाय एकच. रात्री मोटार चालू करायला जाताना ओरडली तर अपशकुन म्हणून परत फिरू नका, तिला तुमची चाहूल लागली एवढंच.

शिवारकर_परभणी
चोच लालच हाय. वडिलांना वाचून दाखवलं. पहिलं म्हणाले, मधोमध पट्टी सोडल्यावर लोक हसतील. मग स्वतःच दगड गोळा करायला गेले. पेरणीपर्यंत पिल्लं निघाली तर? उडून जातील ना?

धुऱ्यावरची_बाभूळ (अंबाजोगाई)
उडायला महिन्याच्या वर लागतो. चालतात मात्र अंगावरचं वाळलं की काही तासांत. घरट्यात थांबत नाहीत, आईबाप चारतही नाहीत. मुंग्या, वाळवी, किडे आपले आपण टिपतात. खरा धोका तिथंच आहे. आईनं ओरडून इशारा दिला की पिल्लू पळत नाही, ढेकळाला चिकटून मुरतं. पेरणी यंत्रापुढं कुणीतरी चालत राहा आणि टिटवी जिथं जास्त कालवा करील तिथं यंत्र थांबवून खाली बघा. सापडलं तर शेजारच्या पेरलेल्या तासात सोडा, आई हाक मारून नेते.

आणि कुत्रं आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपीवर, बांधून ठेवा.