मदत हवी आहे: चांदीच्या कणांवर जरासं गंधक, आणि अभिक्रिया बसली ती बसलीच

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एमएस्सी केमिस्ट्री करतोय, शेवटचं सेमिस्टर. घर हुपरीचं, त्यामुळं पैंजण काळं पडलं की "गंधक लागलं" हे लहानपणापासून ऐकलेलं. प्रोजेक्ट नेमका तिथंच अडकलाय.

चांदीचे साधारण १० नॅनोमीटरचे कण, पॅरा-नायट्रोफेनॉल, सोडियम बोरोहायड्राइड. नेहमीचाच प्रयोग: बोरोहायड्राइडनं पिवळ्या नायट्रोफेनॉलचा रंग जातो, चांदी उत्प्रेरक म्हणून ते वेगानं घडवते. सहा मिनिटांत पिवळा रंग उडून क्युव्हेट (मोजणीची छोटी पारदर्शक नळी) पाण्यासारखी. मग सोडियम सल्फाइड टाकलं, चांदीच्या १०० अणूंमागं गंधकाचा १ एवढंच. वीस मिनिटांनीही हळदीच्या पाण्यासारखं पिवळंच!

एवढ्या कणात आठ-नऊ अणूंतला एकच पृष्ठभागावर असतो. म्हणजे तिथल्या डझनभर अणूंमागं एक गंधक. तेवढ्यानं वेग इतका पडावा? गाईड म्हणतात, गंधक धातूतले इलेक्ट्रॉन ओढतं म्हणून वेग पडतो, पोटॅशियम उलट इलेक्ट्रॉन देतं म्हणून वाढतो. लोखंडावर पोटॅशियम असलं की नायट्रोजन लवकर फुटतो, हे २००७ चे नोबेलवाले एर्टल यांनी दाखवलंय. पटतं. पण इथिलीनपासून इथिलीन ऑक्साइड करताना चांदीवर मुद्दाम किंचित क्लोरीन बसवतात, तेही ओढणारंच की! मग जागा अडणं किती आणि इलेक्ट्रॉनचा खेळ किती, हे वेगळं कसं काढायचं? हाताशी फक्त यूव्ही (द्रावण कुठला प्रकाश किती शोषतं ते मोजणारं यंत्र) आणि वॉटर बाथ.

प्रतिसाद १:
भावा, आधी एक बघ. नायट्रोफेनॉलच्या पिवळ्यासारखाच चांदीच्या कणांचा स्वतःचा प्रकाश शोषण्याचा पट्टाही ४०० नॅनोमीटरच्या आसपासच असतो. नायट्रोफेनॉल न घालता, सल्फाइड टाकून स्पेक्ट्रम घे. पट्टा रुंदावून लांब लहरींकडं सरकला तर कण गोळा झाले असतील.

तसं नसेल तर ऐक. गंधक एका अणूच्या डोक्यावर नाही, तीन-चार अणूंमधल्या खळग्यात बसतं. नायट्रोफेनॉलएवढ्या रेणूला शेजारी-शेजारी मोकळे अणू लागतात, त्यामुळं डझनात एक हे कमी नाही. सल्फाइड चार-पाच टप्प्यांत वाढव, दर टप्प्याला २५ ते ४५ अंशांत वेग मोज. सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया घडायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा) तीच राहून वेग उतरला तर बहुतेक जागाच अडल्यात. ऊर्जाच बदलली तर गाईडचं म्हणणं धरून पुढं जा. क्लोरीननं तिथंही वेग घटतोच, फक्त इथिलीन जळून जाणं जास्त घटतं.

धागाकर्ता:
स्पेक्ट्रम घेतला. पट्टा थोडा बुटका झालाय, सरकला नाही. सोमवारी टप्पे लावतो. बोरोहायड्राइड रोज ताजं करायचं का?

प्रतिसाद १:
रोज कसलं, दर रनला कर.